पाठीवरचं बिऱ्हाड

अहो काकू, पाण्याची टाकी नाही ती! या, अशा इकडे कुंपणाशी या. जपून हं, तुमच्या डेकची खालची पायरी हलते, दादाला किती वेळा सांगितलं. सूनबाई कॉलवर आहे ना? मग आहे आपल्याला निवांत तासभर.

हं, तर समोरच्या ड्राइव्हवेत चार लोखंडी पायांवर ते पांढरं, गोल कोपऱ्यांचं उभं आहे ना, ते घर आहे. कॅम्पर म्हणतात. खाली चाकं नाहीत, इंजिन नाही. समोरच्या आजोबांची ती मागे उघडा हौदा असलेली पिकअप आहे ना, ती पाठीमागे घेत घेत त्या चार पायांच्या मधे आणायची, पाय हळूहळू आखडायचे, की घर बसलं हौद्यात. मग चार कड्या आवळायच्या आणि विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघायचं. आणि विकत नाही हो आणलेलं, गॅरेजात बसून आजोबांनी स्वतःच्या हातांनी बनवलंय. तुम्ही एप्रिलात आलात तोवर निम्मं-अर्धं झालं होतं आणि दार कायम बंद. खरी गंमत त्याआधीच होऊन गेली.

सुरुवात झाली गुलाबी थर्माकोलपासून. गेल्या ऑक्टोबरात एक टेम्पो आला आणि आजोबांच्या दारात गुलाबी शीटांची थप्पी उतरली. एकेक शीट आठ फूट बाय चार फूट, दोन इंच जाड. मी खिडकीतून बघतेय, म्हटलं, हे काय गणपती बसवतायत की काय? आपल्याकडे २०१८ ची बंदी येईपर्यंत मखरं दुसऱ्या कशाची व्हायची हो? हा त्याच भावकीतला माल, फक्त दाणे सुटत नाहीत, सलग आणि घट्ट असतो. इथे घराच्या भिंतींना थंडी लागू नये म्हणून लावतात.

मग काय, गल्लीला हिवाळ्याची बेगमी झाली. कोपऱ्यावरच्या बाई म्हणाल्या, मुलगा परत आईबापांकडे राहायला येतोय, तळघराला अस्तर लावतायत. पलीकडचा पोरगा म्हणाला, बोट. आणि आपल्या मराठी बायकांच्या ग्रुपवर एकीने ठासून लिहिलं की आजींनी आजोबांना घराबाहेर काढलंय आणि ते गॅरेजात स्वतःपुरती खोली बांधतायत. मी काही बोलले नाही. म्हटलं, काढलंच असेल तर कारण आजींकडूनच कळेल.

खरं काय ते आमच्या ह्यांनी शोधून काढलं. ह्यांची सुरुवात भोसरीच्या वर्कशॉपमधली. उघडं गॅरेज आणि आत पेटलेला दिवा दिसला की पाय आपोआप तिकडे वळतात. आजोबा मोटारीच्या कारखान्यात पॅटर्नमेकर होते, ओतकामासाठी लाकडी नमुने घडवायचे. एक पॅटर्नमेकर, एक डाय-मोल्डवाला. झालं, दोघांचं मेतकूट जमलं. त्या दिवसापासून आमच्या घरी आठचं जेवण साडेनवाला.

मी विचारलं, विकत का घेत नाहीत? पक्क्या भिंतींचा नवा कॅम्पर घ्यायचा तर तीस-चाळीस हजार डॉलर सहज जातात, ते एक. पण खरा अडसर पैशाचा नव्हता, वजनाचा होता. आजोबांनी ह्यांना पिकअप ट्रकचं दार उघडून दाखवलं. ड्रायव्हरच्या बाजूला दाराच्या चौकटीवर पिवळं-पांढरं स्टिकर असतं. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर जाऊ देऊ नका, असं त्यावर छापलेलं. दादाच्या गाडीवरही असेल, बघा. आजोबांच्या ट्रकवरचा आकडा साधारण १,६०० पौंड. आणि बाजारातले बरेचसे फायबरचे कॅम्पर रिकामेच दोन-अडीच हजार पौंड भरतात. म्हणजे आजी-आजोबा चढायच्या आधीच ट्रक खाली बसला! तरी लोक घेतात हो. मागच्या स्प्रिंगांना हवेच्या पिशव्या लावतात आणि म्हणतात, भागलं. पिशव्यांनी गाडीचं ढुंगण वर येतं, स्टिकरवरचा आकडा वर येत नाही.

मग आजोबांनी हिशोब मांडला, गॅरेजच्या भिंतीवरच, जाड पेन्सिलीने. दोन माणसं, साडेतीनशे. पंधरा गॅलन पाणी, सव्वाशे. भरलेला गॅस सिलिंडर, सदतीस. बॅटरी, तीस. अंथरूण-पांघरूण, कपडे, शिधा, दोनशे. काय उरलं? साडेआठशेच्या आसपास. त्यातले पन्नास वरकड म्हणून बाजूला ठेवायचे. म्हणजे भिंती, छप्पर, खिडक्या, दार, कपाटं, सगळं मिळून घर आठशे पौंडांत बसायला हवं. आपले साडेतीनशे किलोंच्या जरासं वर. लाकडी सांगाडा आणि पत्रा घेतला तर ते जमत नाही. म्हणून थर्माकोल आणि वर फायबर.

त्यांनी आढ्याला एक काटा टांगला. बिजागरी असो की कडीकोयंडा, काट्याला लागल्याशिवाय आत प्रवेश नाही. कपाटांच्या दारांना मोठमोठी गोल भोकं पाडली, प्लायवूडचं वजन वाचवायला. आजी बिचाऱ्या गप्प होत्या. पण एक दिवस आजोबांनी त्यांचा बिडाचा तवा काट्याला लावला. आठ पौंड! म्हणाले, हा येणार नाही, ॲल्युमिनियमचा घे. आजी म्हणाल्या, तवा येणार. आठ पौंड तुझ्या पोटावरून कमी कर. तवा यादीत गेलाय, काकू. पोटाचं काय झालं ते मी विचारलं नाही.

आता फायबर म्हणजे काय? काचेचा धागा. आणि त्याची जन्मकथा इथलीच, आपल्या मिशिगनच्या शेजारच्या ओहायोतली. १९३२ साली डेल क्लाइस्ट नावाचा एक तरुण संशोधक काचेच्या कारखान्यात दोन काचेच्या विटा जोडत होता. दाबाच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर बसला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. चुकून झालेलं ते पुढे धंद्याला लागलं. १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग कंपनी निघाली, मुख्यालय टोलेडोला, इथून तासाभरावर. ही गुलाबी शीटंही त्याच कंपनीची. आणि फायबरच्या अंगाची कॉर्व्हेट गाडी पहिल्यांदा बनली ती आपल्या फ्लिंटमध्ये, १९५३ ला, पहिल्या वर्षी फक्त ३००. आजोबा हे असं सांगतात की जणू स्वतः लाइनीवर उभे होते. तेव्हा ते पाळण्यात असतील.

करायची रीत मी स्वतः पाहिली आहे, एका रविवारी चहाचा थर्मास घेऊन गेले तेव्हा. थर्माकोलच्या भिंती आधीच उभ्या, चिकटवलेल्या, कोपरे घासून गोल केलेले. त्यावर काचेचं कापड अंथरलं. पांढरं शुभ्र, जरा रेशमी, विणलेलं, आणि हात लावाल तर घसरतं. मग एपॉक्सी. रेझिन दोन भाग, हार्डनर एक भाग, मोजून. ते मधासारखं दाट मिश्रण कापडावर ओतलं आणि रबराच्या पट्टीने पसरत नेलं. आणि काकू, जिथे जिथे ते मुरलं तिथलं कापड दिसेनासंच झालं! खालचा गुलाबी रंग वर आला. जिथे पांढरा ठिपका राहिला तिथे हवा अडकली, तिथे पट्टी पुन्हा फिरवायची. पण जास्त ओतायचंही नाही. जादा रेझिनने मजबुती वाढत नाही, नुसतं वजन वाढतं. आजोबा पट्टीने जादा माल कडेला ओढून पुसून काढत होते. परत वजनच बघा.

नुसता थर्माकोल अंगठ्याने दाबला तर खड्डा पडतो. नुसतं वाळलेलं कापड हाताने वाकतं. पण मधे थर्माकोल आणि दोन्ही अंगांना कापड चिकटलं, की वाकायला वावच राहत नाही. वरचं कापड आवळलं जाणार, खालचं ताणलं जाणार, आणि मधला माल दोघांना एकमेकांपासून दूर धरून ठेवणार. आजोबांनी दोन ठोकळ्यांवर असला एक तुकडा आडवा ठेवला आणि आमच्या ह्यांना त्यावर उभं केलं. ह्यांचं वजन मी सांगत नाही. तुकडा हलला नाही.

ही युक्ती विमानवाल्यांची आहे म्हणे. कॅलिफोर्नियात मोहावीच्या वाळवंटात बर्ट रुटान म्हणून एक होते. साच्याशिवाय, फोम तापलेल्या तारेने कापून त्यावर काचेचं कापड चढवून विमान करायची रीत त्यांनी रुळवली. त्यांचं व्हेरी-ईझी १९७५ मध्ये उडालं आणि मग नकाशे विकत घेऊन लोकांनी आपापल्या गॅरेजांत विमानं बांधली! त्याच माणसाने आखलेलं व्हॉयेजर १९८६ च्या डिसेंबरात कुठेही न उतरता, वाटेत इंधन न भरता नऊ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा करून आलं. आजोबांकडे असल्या एका विमानाचे नकाशे चाळीस वर्षं पडून होते. आजींनी विमान होऊ दिलं नाही. मग ट्रकवरच्या खोलीला नाही म्हणायला त्यांच्याकडे तोंड राहिलं नाही.

ह्यांनी मधेच आपलं भोसरीचं ज्ञान काढलं. म्हणाले, एपॉक्सी इतकी महाग, साधी पॉलिएस्टर रेझिन का नाही वापरत? आजोबा काही बोलले नाहीत. थर्माकोलचा एक तुकडा घेतला आणि त्यावर चमचाभर पॉलिएस्टर रेझिन ओतली. तुकड्याला खड्डा पडला, खड्ड्याचं भोक झालं, आणि रेझिन खालच्या लादीवर टपकली. तिच्यात स्टायरीन असतं, ते थर्माकोल खाऊन टाकतं. हे त्या दिवशी जेवायला वेळेवर घरी आले.

काय म्हणालात? कोपरे का गोल केले ते माहीत आहे? अगं बाई! हो हो, बरोबर, काटकोनात कापड बसत नाही, उचलतं आणि खाली हवा राहते. तुम्हाला कसं हो ठाऊक? अच्छा, दिरांची होडी! मालवणला फायबरच्याच होड्या आता, नाही का. आणि मी केव्हाची तुम्हाला शिकवतेय. मग सांगा बघू. साच्याला आधी मेण, मग जेलकोट, मग मॅट आणि रेझिन... आणि साच्यातून काढली की होडी बाहेरून आपोआप गुळगुळीत. इथेच तर फरक आहे, काकू. आजोबांना एकच नग करायचा होता. एकासाठी साचा करणं म्हणजे दुप्पट काम. म्हणून साचा नाही. पण मग बाहेरचा गुळगुळीतपणा फुकट मिळत नाही, तो घासून आणावा लागतो. कापडाची वीण दिसते, ती भरायला रेझिनमध्ये पोकळ काचेचे बारीक बारीक मणी कालवून लांबी करायची, फासायची, घासायची, पुन्हा फासायची. ते मणीही एवढ्याचसाठी की लांबीचं वजन होऊ नये. अर्धा हिवाळा त्या घासण्यात गेला.

आणि तुमच्या होडीवाल्यांची ती सवय, थंडी असली की हार्डनर जरा जास्त टाकायचा म्हणजे लवकर धरेल, ती इथे चालत नाही. पॉलिएस्टरला चालते. एपॉक्सीत दोनास एक म्हणजे दोनास एक. जास्त हार्डनर घातला तर तो नुसता उरतो आणि माल कायमचा मऊ राहतो. आणि आमच्या मिशिगनच्या थंडीत एपॉक्सी धरतच नाही. मग गॅरेजात विजेचा हीटर रात्रंदिवस. बिल आलं तेव्हा आजींचा चेहरा बघायला हवा होता.

बाकी आगीची अफवा तुमच्या कानावर आली असेलच? ती निम्मी खरी आहे. आजोबांनी एकदा दह्याच्या मोठ्या डब्यात बराच माल कालवला आणि फोन आला म्हणून तो तसाच ठेवला. एपॉक्सी धरताना उष्णता सोडते. पसरट भांड्यात ती निघून जाते, खोल डब्यात साठत जाते. डबा तापला, वितळला, आणि धूर! कोपऱ्यावरच्या बाईंनी धूर पाहिला, आणि मग काय विचारता. आजोबांनी डबा चिमट्याने उचलून बर्फात फेकला. तेव्हापासून थोडं थोडं कालवतात आणि लगेच रंगाच्या पसरट ट्रेमध्ये ओततात.

पण खरी भानगड झाली वासाची. मे महिन्यात आजोबांना वसाहतीच्या असोसिएशनची चिठ्ठी आली. गॅरेजातून उग्र, असह्य दर्प येतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार. आजोबा चक्रावले. एपॉक्सीला फारसा वास नसतोच, वास असतो पॉलिएस्टरला, आणि ती त्यांनी त्या एका चमचाभराखेरीज आणलीच नव्हती. तारीख बघितली चिठ्ठीवरची. मी पण बघितली. काकू, त्या दिवशी तुम्ही मागच्या डेकवर शेगडी लावून सुके बोंबील भाजले होते. नाही नाही, मी कोणाला काही बोलले नाही! हसू नका. आजोबांनी उत्तर पाठवलं की काम आता संपतच आलंय. संपलं एकदाचं प्रकरण. पुढच्या वेळी जरा वारा बघून भाजा, आणि चार मला पाठवा.

मला मात्र त्या गॅरेजाने एक चटका दिला. हे मदत करून यायचे आणि कपडे तसेच टोपलीत. घासताना काचेची पूड उडते, ती कापडात शिरते. मी सगळं एकत्र मशीनला लावलं. दुसऱ्या दिवशी पोरांच्या अंगाला खाज, माझ्या मानेला खाज, उशीच्या अभ्र्यालासुद्धा! आता नियम केलाय. कपडे गॅरेजातच झटकायचे, वेगळे धुवायचे, तोंडाला चांगला मास्क, पूर्ण बाह्या. आणि रेझिनला हात लावताना हातमोजे. एपॉक्सी आज काही करत नाही, उद्या करत नाही, आणि मग एक दिवस अंगावर उठते ती कायमचीच. ज्याला एकदा तिची ॲलर्जी झाली त्याला पुन्हा तिच्यासमोर उभं राहता येत नाही.

आणि दाराची पैज! अर्धी गल्ली धरून बसली होती की आत बांधलेलं हे बाहेर निघणारच नाही. गॅरेजचं दार सात फूट उंच. ट्रकवर चढल्यावर घराचा माथा जमिनीपासून साडेनऊ फुटांवर जातो. लोक म्हणाले, म्हातारा भिंत फोडणार. परवा शनिवारी सगळे कॉफीचे मग घेऊन आपापल्या ड्राइव्हवेत उभे, तुम्ही नेमक्या देवळात गेला होतात. आजोबांनी पहिल्याच दिवशी दाराच्या मापाची एक काठी कापून कोपऱ्यात उभी केली होती, आणि घर बांधलं होतं ते छोट्या चाकांच्या बुटक्या गाड्यावर. वर दोन इंच राखून ते सुळ्ळकन बाहेर आलं. बाहेर आल्यावर कोपऱ्यांना ते चार पाय लावले आणि हँडल फिरवून उचललं. पैजेचे पैसे कोणी कोणाला दिले नाहीत, तो भाग वेगळा.

पांढरा रंगही हौस म्हणून नाही हं. एपॉक्सीला ऊन सोसत नाही, उघडी ठेवली तर पिवळी पडते आणि भुगा व्हायला लागते. रंगाचं पांघरूण हवंच. आणि गडद रंग दिला तर उन्हात तो इतका तापतो की आतला थर्माकोल मऊ पडायची भीती. आजींना गर्द हिरवा हवा होता. तो तेवढा त्या हरल्या.

आत? आत मी जाऊन आले. झोपायची जागा पुढे, ट्रकच्या टपाच्या वर आलेली. मांडी घालून बसलं तर डोकं छताला टेकतं. खाली दोन बाकं, मधे पाडायचं टेबल, एका अंगाला शेगडी आणि वाडग्याएवढं सिंक. पाण्याची टाकी अगदी पुढे, ट्रकच्या मागच्या आसाच्याही पुढे येईल अशी, कारण वजन मागे गेलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हातात राहत नाही. जिथे जिथे स्क्रू बसणार तिथला थर्माकोल आधीच कोरून काढून प्लायवूड बसवलेलं, थर्माकोलात स्क्रू काय धरणार! टॉयलेट म्हणजे बाकाखालून ओढून काढायचा एक डबा. त्यावर आजी आणि आजोबांमध्ये मतभेद आहेत, आणि ते मी कुंपणावरून सांगणार नाही. घरी या, मग सांगते.

सुरक्षेचं बाकी चोख केलंय. गॅसचं कपाट आतून पूर्ण बंद, आणि तळाशी बाहेरच्या बाजूला भोक. हा गॅस आपल्या स्वयंपाकाच्या गॅससारखाच हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो, तो खालूनच बाहेर गेला पाहिजे. झोपायच्या जागेशी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. छतावर पंखा, कारण एवढ्याशा बंद खोलीत दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात ते पाणी सकाळी भिंतींवर ओघळतं. आणि पुढची खिडकी माणूस बाहेर पडेल इतकी मोठी. मागचं दार अडलं तर तिथून निघायचं.

दादाला आता स्वतःचा बनवायचाय ना? कळलं मला, परवा हे आणि तो दोघं आजोबांच्या गॅरेजात माप घेत होते. आणि परत गेल्यावर पुण्यात बोलेरो कॅम्परवर चढवायचा म्हणतोय? अहो, तिच्या नावातच काय तो कॅम्पर. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. गाडी जशी नोंदली तशीच ठेवायची, परवानगीशिवाय तिच्यात फेरफार करायचा नाही. राहत्या गाडीची हौस असेल तर तिचे नियम वेगळे, मंजुरी वेगळी. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं, पण म्हणून घरी केलेली पेटी ट्रकवर आवळून आरटीओसमोरून जाता येईल असं नाही. इथे बऱ्याच राज्यांत हे ट्रकवरचं सामान धरतात, काही राज्यांत नोंदणी लागते. नियम राज्यागणिक बदलतात, बघून घ्यावं लागतं.

आजी मात्र आता आजोबांपेक्षा जास्त तयारीत आहेत. त्या शाळेत लायब्ररियन होत्या. म्हणाल्या, १९६० मध्ये जॉन स्टाइनबेक असाच एक कॅम्पर ट्रकवर बसवून घेऊन अमेरिका बघायला निघाला होता, डॉन किहोतेच्या घोड्याचं नाव त्याने ट्रकला दिलं होतं, रोसिनांते. तो ट्रक कॅलिफोर्नियात सलिनासच्या संग्रहालयात ठेवलाय. 'तो बरोबर कुत्रा घेऊन गेला, बायको बहुतेक वाट घरीच,' आजी म्हणाल्या. 'आमच्याकडे कुत्रा नाही.'

पुढच्या आठवड्यात निघतायत, उत्तरेला, मॅकिनॉचा पूल ओलांडून लेक सुपीरियरच्या काठाला. पाच मैलांचा पूल तो, १९५७ चा. वारा फार असला की असल्या उंच पाठीच्या गाड्यांना तिथे थांबवतात आणि पुलाच्या गाडीमागून ताशी वीस मैलांनी नेतात. आजोबांनी काल भरल्या टाकीनिशी, आजींसकट, तव्यासकट ट्रक वजनकाट्यावर नेला होता. रिकाम्या ट्रकचं वजन वजा जाता स्टिकरच्या आकड्याला वीस पौंड कमी भरले. वीस पौंड राखून! गल्लीतल्या एकानेही अभिनंदन केलं नाही, कारण कोणाला त्यातलं कळतच नाही. मला विचाराल तर फायबर, रंग, विमानाची युक्ती हे सगळं नंतर. त्या म्हाताऱ्याची खरी करामत ते वीस पौंड आहेत.

तेव्हा दादाला एवढं सांगा, काकू. रेझिन मागवायच्या आधी गाडीचं दार उघड, चौकटीवरचं स्टिकर वाच आणि त्यातून घरच्या माणसांचं वजन वजा कर. खरं वजन हं, लायसन्सवरचं नाही. उरलेला आकडा हजाराच्या खाली आला तर सरळ तंबू घे. तंबूही चांगला असतो.